तिकडे काही नाही

जंगलखात्याच्या त्या चौकीत दोन गार्ड होते. एकाला लोक रेडिओ म्हणत, दुसऱ्याला कुलूप. रेडिओला रेडिओ का म्हणत हे वेगळं सांगायला नको. सकाळी चौकीचं दार उघडलं की तो सुरू व्हायचा आणि तोंडात घास असेल तेव्हाच काय तो थांबायचा, तेही घास मोठा असला तर. कुलपाचं सगळं उलटं. त्याच्याजवळ तासभर बसून उठलेला माणूस घरी जाऊन डोकं खाजवायचा की, अरेच्चा, हा बोलला काय? ‘हं’, ‘बघू’ आणि ‘तिकडे काही नाही’, एवढ्या भांडवलावर या माणसाने सगळी नोकरी काढली होती.

त्यातलं ‘तिकडे काही नाही’ लक्षात ठेवा.

चौकीच्या मागून एक वाट डोंगर चढते. अर्ध्यावर पाण्याची दगडी टाकी आहे. जीप तिथपर्यंत जाते, पुढे पायीच. टाकीच्या वर उभा चढ आणि जुनं दाट रान. सहलीला आलेला कोणी विचारायचा, ‘‘वर काय आहे हो?’’ कुलूप म्हणायचा, ‘‘तिकडे काही नाही. जळवा आहेत.’’ साहेबाने विचारलं तरी तेच उत्तर. बायकोने विचारलं तरी तेच, फक्त जळवा वगळून.

आणि तिकडे होती आमरी.

आमरी म्हणजे ऑर्किड. फुलांच्या दुकानात काचेमागे नटून उभं असतं ते नव्हे, हे रानातलं. ओढ्याकाठच्या एका म्हाताऱ्या झाडाच्या वरच्या बेचक्यात, मुळं सालीला चिकटवून बसलेलं. लोक त्याला सरसकट बांडगूळ म्हणतात, हा शुद्ध अन्याय आहे. बांडगूळ झाडाचं रक्त पितं. आमरी झाडाचं काही म्हणजे काही खात नाही. तिला बसायला जागा द्या, पावसाचं पाणी आणि सालीच्या भेगांत कुजलेला पाला एवढ्यावर ती भागवते. असा भाडेकरू मिळाला तर घरमालक देव पावला म्हणेल. पण बाईसाहेबांची खोड अशी की जागा जुनीच लागते. तिचं बी धुळीएवढं, त्यात वाटखर्चीला म्हणून दाणासुद्धा नसतो. सालीतली एक बुरशी त्याला भेटली, तिने भरवलं, तर ते रुजतं. नाही तर गेलं वाऱ्यावर. रुजल्यावरही पहिलं फूल दिसायला वर्षानुवर्षं जातात. अशी आमरी फांदीवरून सोलून कुंडीत नेली की बहुतेक वेळा मरते. तरी लोक नेतात. जे आपल्या घरी जगणार नाही तेच माणसाला घरी हवं असतं, त्याला कोण काय करणार.

कुलपाला हे सगळं शिकवलं कॉलेजातल्या बाईंनी. बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, दर उन्हाळ्यात गळ्यात दुर्बीण अडकवून यायच्या, आणि तेव्हा नव्यानेच लागलेला हा गार्ड त्यांच्या मागे पिशवी धरून हिंडायचा. तेव्हा ही आमरी पलीकडच्या उतारावरही होती, चांगली झाडोझाडी. बाईंनी तिच्यावर लेख लिहिला. उतार कुठला, ओढा कुठला, झाड कुठलं, सगळं सचोटीने छापलं. शास्त्राचा नियमच तो. पुढच्याच मोसमात लेख हातात धरून रोपं विकणारे आले. पोती घेऊन आले आणि पलीकडचा उतार धुऊन नेला. बाई टाकीच्या कठड्यावर बसून पोरीसारख्या रडल्या. ‘‘चोरांना मीच पत्ता दिला रे,’’ म्हणाल्या.

मग त्यांनी त्याला अलीकडचं हे एकच झाड दाखवलं. म्हणाल्या, ‘‘आता हे ना कागदावर, ना नकाशावर. एकाने एकालाच सांगायचं. मी तुला सांगितलं. तू जाशील तेव्हा एका भरवशाच्या माणसाला सांग.’’

या कामातल्या लोकांची ही रीतच आहे. दुर्मीळ फूल सापडलं की मूग गिळायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई पुढे वारल्या, आणि साऱ्या जगात त्या झाडाचा पत्ता ठाऊक असलेला एकच माणूस उरला. त्याचं नाव आधीच कुलूप पडलेलं होतं.

त्याने राखण केली, यात वाद नाही. वर जायचा तो भर दुपारी, सगळे जेवून लवंडलेले असताना. झाडाखाली उभा राहून मान मोडेपर्यंत वर बघायचा. बेचक्यातला हिरवा झुपका दिसला की परत फिरायचा. फुलायच्या दिवसांत पिवळे ठिपके दिसायचे. उंचावर होते, त्यामुळे ठिपकेच. एकदा तो खाली उतरताना रेडिओ वाटेत भेटला. ‘‘कुठे गेला होतात?’’ कुलूप म्हणाला, ‘‘पोट बिघडलंय.’’ तेव्हापासून कुलपाचं पोट नाजूक, असं रेडिओने गावभर केलं. तेही त्याने चालवून घेतलं.

खरी पंचाईत असायची वायरवाल्यांची. डोंगरावरून विजेची मोठी लाइन जाते. पावसाळ्याआधी कंत्राटदाराची माणसं करवती घेऊन येतात आणि तारांच्या आसपासची झाडं काढतात. जी राखायची त्यांना गार्डने आधी चुन्याचा पट्टा मारून ठेवायचा. आता आली का अडचण? पट्टा मारला तर उद्या कोणीतरी विचारणार, या म्हाताऱ्या झाडात असं काय आहे? पट्टा नाही मारला तर झाड गेलं. कुलपाने यावर तोड काढली होती. तो आजूबाजूच्या सगळ्याच थोराड झाडांना पट्टे मारायचा. कुंपणासारखी पांढरी रांग दिसायची, त्यात आपलं एक लपून जायचं. चुन्याने माखलेला सदरा घरी आला की बायको धूत बसायची. तिची बहीण चिडवायची, ‘‘बघ बाई, वर दुसरा संसार थाटलाय का काय तुझ्या नवऱ्याने? घराला रंग देतोय तिकडे.’’ बायको हसायची. रात्री जेवताना विचारायची, ‘‘काय आहे हो तिकडे?’’

‘‘तिकडे काही नाही.’’

चौकीच्या क्वार्टरला शेजार नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेली. बायको दिवसभर एकटी असायची, आणि हा माणूस संध्याकाळी घरी येऊन बूट काढायचा, पाय धुवायचा आणि ‘हं’ म्हणायचा.

आता तो थकला होता. निवृत्ती दारात येऊन उभी. उजवा गुडघा कुरकुरायचा, चढ आला की आधी गुडघा नाही म्हणायचा आणि मग मनही त्याचीच री ओढायचं. खाकी सदरा अंगावर चढवायचासुद्धा कंटाळा यायचा. आणि डोक्यावर हे ओझं होतंच, कोणाला सांगायचं? साहेब लोकांच्या बदल्या होतात, आज इथे तर उद्या तिसरीकडे. रेडिओला सांगणं म्हणजे चौकात फलक लावणं. आज सांगू, उद्या सांगू करत तो घोळत राहिला. बायकोचं नाव त्याच्या मनात आलं नाही. खरंच आलं नाही. मला या गोष्टीचा भारी राग येतो, पण झालं ते असं झालं.

पावसाळा जवळ आला आणि गुडघा फुगून लाल झाला. डॉक्टरांनी पट्टी गुंडाळली आणि पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलं. बायको तेल कोमट करून आणायची आणि म्हणायची, ‘‘तुमचे ते चुन्याचे पट्टे राहिलेत ना? रेडिओभाऊंना सांगा. ते मारतील.’’

‘‘बघू.’’

‘‘बघू काय? गेल्या वर्षीचा चुना पावसाने धुऊन गेला असेल.’’

‘‘उतरेल सूज दोन दिवसांत.’’

सूज काही उतरली नाही. एका सकाळी फोन वाजला. रेडिओचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता. ‘‘अहो, वायरवाले आलेत! या वेळी लाइनखालची मोकळी पट्टी दोन्ही बाजूंनी रुंद करतायत. तुमच्या खुणा कुठल्या झाडांना असतात? मला तर एक दिसत नाही. टाकीच्या वरचं काही राखायचंय का?’’

कुलपाने फोन कानाला धरला. आता बोलायला हवं होतं. ‘ओढ्याकाठचं म्हातारं झाड ठेव,’ एवढंच. पण रेडिओच्या मागे चार माणसांचा कालवा ऐकू येत होता, कोणीतरी हसत होतं. एवढ्या कानांसमोर? आणि लाइन तर तिथून चांगली लांब, रुंद करून करून किती करणार? असा सगळा हिशोब त्या थकलेल्या डोक्यात चालू असताना तोंडाने मात्र आपलं नेहमीचं काम करून टाकलं.

‘‘तिकडे काही नाही,’’ कुलूप म्हणाला.

फोन ठेवल्यावर परत लावावा असं वाटलं. लावला नाही. गुडघा ठणकत होता, डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ सहज म्हणून सांगून गेला, की काम झपाट्याने उरकलं, ओढ्यापर्यंत सगळं मोकळं केलं, आता टाकीवरून थेट आभाळ दिसतं. कुलूप पलंगावरून उठला. बायकोने हात धरला, ‘‘अहो, गुडघा! कुठे निघालात?’’ त्याने काठी घेतली आणि निघाला. जीपवाल्याने टाकीपर्यंत सोडलं. पुढचा चढ तो कसा चढला ते त्यालाच ठाऊक, पाच पावलं चालायचा आणि झाडाला धरून उभा राहायचा.

वर गेला तर धरायला झाडंच नव्हती.

ओढ्याकाठी ओंडके पडले होते आणि फांद्यांचा एक मोठा ढीग. ओंडक्यावर बसून करवत्या डबा खात होता. करवत्या म्हणजे कंत्राटदाराचा झाड पाडणारा माणूस, दोर लावून सरासरा वर चढणारा. गार्डला बघून त्याने डबा पुढे केला. ‘‘या काका. घास घ्या.’’

आणि ज्याने उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता तो माणूस ओरडला. काय काय ओरडला ते त्यालाही आठवत नसेल. हे झाड तुझ्या बापाचं होतं का, तुझे हात झडोत, डोळे फुटले होते का. करवत्याने निमूट ऐकलं. हात धुतले. मग म्हणाला, ‘‘काका, झाड मोठं होतं म्हणून मी स्वतः थांबलो होतो. रेडिओला म्हटलं, विचार रे बाबा एकदा. त्याने माझ्यासमोर तुम्हाला फोन लावला. तुम्हीच म्हणालात, तिकडे काही नाही.’’

कुलूप ओंडक्यावर बसला. बाईंनी चोरांना पत्ता दिला म्हणून आमरी गेली होती. याने सोबतच्या रखवालदारालासुद्धा पत्ता दिला नाही म्हणून गेली. अति तिथे माती म्हणतात ती ही.

‘‘होतं तरी काय?’’ करवत्याने विचारलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कोणाला तरी सांगत होता. शब्द सापडेनात. ‘‘वरच्या बेचक्यात. पिवळी फुलं. आमरी.’’

‘‘ते बांडगूळ?’’

‘‘बांडगूळ नव्हे रे!’’

‘‘बरं, नव्हे. पण काका, त्याचा वास! काल सकाळी सकाळीच झाड आडवं केलं, तर असा वास सुटला म्हणता. आम्ही सगळे करवती बंद करून उभे राहिलो. कोणी म्हणे वेलदोडा, कोणी म्हणे मध. उन्हं चढल्यावर गेला.’’

कुलूप त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. वास? आमरीला वास होता? तो आयुष्यभर दुपारी आला होता. लपूनछपून, सगळे झोपलेले असताना. वास उन्हाआधीचा.

दोघं ढिगात शिरले. करवत्या फांद्या उपसत होता, कुलूप एका पायावर वाकून चाचपत होता. बेचकं सापडलं ते ओंडक्याखाली. झुपका अर्धा चेंगरून लगदा झालेला. उरलेल्यात थोड्याच फुगीर कांड्या शाबूत होत्या, सालीच्या तुकड्याला धरून. फुलं तपकिरी पडलेली. कुलपाने ती नाकाशी नेली. चिकाचा वास आला, आणि करवतीच्या तेलाचा.

‘‘जगेल?’’ करवत्याने विचारलं.

‘‘कोणास ठाऊक. दुसऱ्या जुन्या झाडावर बांधायला हवी. सालीसकट.’’

‘‘सांगा कुठल्या. मी चढतो. वर आत दाट रान आहे, तिथे कुत्रंही फिरकणार नाही.’’

कुलपाने वर बघितलं. बाई असत्या तर आतच म्हणाल्या असत्या. पण आत बांधली तर तो पुन्हा कधी ती बघणार नव्हता, हे गुडघ्याने त्याला साफ सांगितलं होतं. आणि तो सोडून दुसरं बघणारं होतं तरी कोण?

‘‘टाकीजवळ,’’ तो म्हणाला. ‘‘टाकीवर ते खरबरीत सालीचं झाड आहे ना, त्याच्या बेचक्यात. सावली आहे, ओल आहे.’’

‘‘तिथे तर येणारा जाणारा बसतो. कोणीही नेईल.’’

‘‘नेली तर बसणाऱ्याला निदान कळेल, गेली म्हणून. इथे गेली असती तर कोणाला कळलं असतं?’’

करवत्याने जिन्यावरून चढावं तसं झाड चढून दाखवलं. कुलूप खालून सूचना देत होता, सुतळीने बांध, नायलॉन नको, गच्च आवळू नको, सुतळी कुजेपर्यंत तिची तिला पकड येईल. उतरल्यावर करवत्या म्हणाला, ‘‘आधी सांगितलं असतंत काका, तर मी त्या झाडाला हात लावला नसता. शपथ.’’ कुलूप ‘हं’ म्हणाला.

खाली चौकीत येऊन त्याने रेडिओला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. आमरी काय, बाई कोण, पट्टे कशाचे, पोट कसं बिघडत नव्हतं. रेडिओ चक्क गप्प झाला. डोळे पुसत म्हणाला, ‘‘मला नाही सांगितलंत ते समजू शकतो मी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण आता टाकीवर बसणाऱ्या एकेकाला सांगेन, ही आमची आहे, हात लावायचा नाही.’’ आणि सांगितलंही. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा केला.

पहिल्यांदा सांगितलं कोणाला, तर कुलपाच्या बायकोला. कुलूप जीपमधून लंगडत उतरेपर्यंत रेडिओ सायकलवरून क्वार्टरला पोचला होता. ‘‘वहिनी, तुम्हाला माहीत होतं का?’’ तिला माहीत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं. नवरा आत आला तेव्हा तेल कोमट केलं, गुडघ्याला लावलं, पट्टी बांधली. तो म्हणाला, ‘‘रेडिओने सांगितलं ना?’’

‘‘हं,’’ ती म्हणाली.

पावसाळाभर घरात ‘हं’ दोघांचं झालं. आता त्याला बोलावंसं वाटायचं. बाईंची दुर्बीण, पलीकडचा उतार, धुळीएवढं बी, सगळं सांगायचा. ती भाजी निवडत ऐकायची. मध्ये विचारायची नाही, हसायची नाही. त्याची नोकरी संपली, साहेबांनी शाल घातली, चार शब्द बोलले. क्वार्टर सोडायला थोडे दिवस उरले, खोकी भरून भिंतीशी लागली. तेव्हा एका संध्याकाळी ती आपण होऊन म्हणाली, ‘‘मला न्या तिकडे. आणि सकाळी न्या.’’

‘‘फूल नाहीये गं आता. पुढच्या वर्षीही येईल की नाही, सांगता येत नाही.’’

‘‘नसू दे.’’

सकाळी लवकर रेडिओने जीपमधून दोघांना टाकीवर सोडलं आणि शहाण्यासारखा खाली निघून गेला. बायको उतरताना कण्हली, तिचेही गुडघे आता साथ देत नव्हते. टाकीच्या कठड्यावर बसून तिने वर पाहिलं. बेचक्यात सालीचा तुकडा, सुतळी काळी पडून एका बाजूने सुटलेली. कांड्या सुरकुतलेल्या. सगळ्या मेल्यासारख्या, पण एकीच्या बुडातून एक नवं मूळ निघून झाडाच्या सालीला टेकलं होतं. त्याचं टोक हिरवंगार होतं.

‘‘तेवढं जिवंत आहे,’’ त्याने बोट दाखवलं. ‘‘धरलंय त्याने.’’

तिने बराच वेळ बघितलं. मग वरच्या चढाकडे मान वळवली, जिथे आता झाडांऐवजी तारा दिसत होत्या. ‘‘तिथे होतं होय ते मोठं?’’

‘‘हो. अख्खं बेचकं भरून.’’

‘‘तेव्हा मी चढले असते,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्यापेक्षा भरभर चढले असते. घरात करायला तरी काय होतं मला?’’

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

‘‘सकाळची आले असते. वास तरी कळला असता दोघांना.’’

खालून वाटेवरून कोणीतरी पाण्याची कळशी घेऊन येत होतं. कुलपाने सवयीने नजर झाडावरून काढून जमिनीकडे वळवली. बायकोने ते पाहिलं. पदराने तोंड पुसलं, आणि पावसाळाभर पोटात ठेवलेलं एवढंच तिने त्याला विचारलं.

‘‘अहो, मी कोणाला सांगणार होते?’’